आमची पहिली वंशावळ

मार्च २०२३ मधली गोष्ट. आमच्या घरचे नऊ जण बीडहून रात्रीच्या खासगी बसने मुंबईला निघालो होतो. आपल्या लोकांचे असे घोळक्याने मुंबईला जाणे म्हणजे सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणे. म्हणून स्टँडवर भेटलेल्या ओळखीच्या एका बाईने विचारलेच, "मार्चमधी कुठं निघाला गं एवढे जण?" आक्का पटकन म्हणाली, "लग्नाला." मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिले. आक्का कधी खोटे बोलत नाही.

आम्ही चाललो होतो मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात. आजारी एकटी आक्का होती, बाकी आठ जण धडधाकट. धडधाकट माणसांना घेऊन दवाखान्यात कशाला जायचे, हे दादाला शेवटपर्यंत पटले नव्हते. दोन दिवसांची मजुरी बुडणार ती वेगळीच. तेव्हा बीडला रेल्वेही नव्हती. अहिल्यानगरपर्यंतची पहिली गाडी सुटायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. बसमध्ये आक्काला उलट्या होत होत्या आणि दादा खिडकीकडे तोंड करून गप्प बसला होता.

माझे माहेर पाली. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की बिंदुसरा धरणाजवळचे गाव. धरण जवळ असले तरी आम्हाला जमीन नाही, त्यामुळे त्या पाण्याचा आम्हाला उपयोग नव्हता. दसरा-दिवाळी झाली की माय-बाप कोयता घेऊन कारखान्याला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत दोघांची नोंद एकच. उचल आधीच घेऊन खाल्लेली. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढायचे.

अशाच एका हंगामात मायच्या उजव्या छातीत गाठ हाताला लागली. दूध गोठले असेल म्हणून शेजारच्या कोपीतल्या म्हातारीने लेप दिला. शेंडेफळ मी, आणि मला दूध सोडून तेव्हा तेरा-चौदा वर्षे झाली होती. तरी दूध गोठले हेच सगळ्यांना पटले. पट्टा पडेपर्यंत मायने मोळ्या वाहिल्या. १९९४ च्या पावसाळ्यात ती गेली. वय असेल ४२ च्या आसपास.

मायची माय पोटात पाणी होऊन गेली होती. मावशी २००८ साली पोटातल्या गाठीने गेली. आमच्या घरात ही तीन मरणे म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी होत्या. आजीला करणी झाली (आजी जुन्या वळणाची, ते खूळ आमच्या घरातून तेव्हा पुरते गेले नव्हते), मायचे दूध गोठले आणि मावशीला गाठ आली. ही तिन्ही मरणे एका दोऱ्यात ओवावीत असे आमच्यापैकी कुणाला कधी सुचले नाही.

ओवली ती बीडच्या एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरने, आणि चुकीच्या दोऱ्यात. २००३ साल. आक्काचे वय २८. तिला अंगावरून पांढरे जात होते, कंबर दुखत होती. फडात उभ्याने काम, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत फडके धुवायला पाणी नाही. असे दुखणे टोळीतल्या दर दोन बायांमागे एकीला होते. डॉक्टरने विचारले, घरात कुणाला कॅन्सर? आक्काने खरे सांगितले, माय छातीच्या गाठीने गेली. मग झाले! "तुझी पिशवी खराब व्हायला लागली आहे. आज ना उद्या कॅन्सर होणार. दोन लेकरे झाली ना? काढून टाक." आठ दिवसांत ऑपरेशन झाले. पैसे मुकादमाने दिले, म्हणजे उचल वाढली. दीड महिन्यात आक्का परत फडात. पाळी नाही, म्हणून खाडा नाही. मुकादम खूश होता.

आक्का एकटी नव्हती. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात पिशवी काढू नये, असा नियम बीडमध्ये आला. तो १६ वर्षे आधी आला असता तर, असे मनात येते. असो.

भगिनींनो, त्या बायकांना घातलेल्या भीतीतले खरे किती, खोटे किती, हे मला पुढे मुंबईत कळले, ते आधीच सांगून टाकते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आईकडून लेकीला वारशाने येणारा आजार नाही. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो. तो वेळेवर सापडतो, आणि त्याची लसही आहे. याचा मोठा अभ्यास आपल्या शेजारीच झाला. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने इतरांसोबत १९९९ पासून खेड्यापाड्यांतल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचा निष्कर्ष साऱ्या जगापुढे आला: ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच झाली, तिथे या कॅन्सरने होणारी मरणे जवळजवळ निम्म्यावर आली. एकदा तपासणी, तीही आपल्यासारख्याच बायकांची. आणि त्याच काळात चाळीस-पन्नास कोसांवर आमच्या बायकांना पिशवी काढा म्हणून सांगत होते.

आता आक्काच्या गाठीकडे येते. २०२१ साली, करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, तिला छातीत गाठ लागली. ती तिने आठ महिने कुणाला सांगितली नाही. मी अंगणवाडी सेविका. गावोगावच्या बायांना गाठ लपवू नका म्हणून सांगणारी, आणि माझ्याच बहिणीने माझ्यापासून लपवली. मी रागावले तेव्हा म्हणाली, "अगं, मला कशाचा कॅन्सर? माझी पिशवी काढलेली हाय की." ऑपरेशनच्या वेळी तिला दिलेले हेच वचन तिने अठरा वर्षे जपले होते. पिशवी गेली म्हणजे कॅन्सर गेला.

बार्शीला तुकडा तपासला. कॅन्सर निघाला. फुले जनआरोग्य योजनेत उपचार झाले, एक स्तन काढला, केमो झाली. आमच्याकडून मायचे, मावशीचे, आजीचे ऐकल्यावर डॉक्टरांनी पुढे मुंबईला पाठवले. तिथे आक्काचे रक्त आनुवंशिक चाचणीसाठी घेतले. ही चाचणी आधी आजारी माणसाचीच करायची असते, कारण घरात दोष कुठे आहे ते त्याच्याच रक्तात सापडण्याची शक्यता जास्त. एकदा तो सापडला की नातेवाइकांच्या रक्तात तेवढीच जागा तपासायची, आणि तो खर्च पुष्कळ कमी होतो. आक्काच्या रक्तात बीआरसीए-१ नावाच्या जनुकात बिघाड सापडला. डॉक्टर म्हणाले, आता भाऊ, बहीण, मुले, मावसभावंडे सगळ्यांना घेऊन या.

म्हणून ते नऊ जण. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत रात्र काढून सकाळी रुग्णालयात पोहोचलो.

एका खोलीत आमच्यासह तीन घरांतली माणसे बसवली होती. एक कुटुंब कोकणातले, एक मुंबईतलेच. वीसेक माणसे असतील. समुपदेशन करणाऱ्या मॅडम तिशीतल्या, साध्या पंजाबी ड्रेसमधल्या. पहिलीच गोष्ट त्यांनी सांगितली: इथे कुणी काही बोलले तर ते याच खोलीत राहील. म्हणून इतर दोन घरांविषयी मी इथे थोडेच लिहिणार आहे, आणि माझ्या घरच्यांविषयी त्यांना विचारूनच लिहीत आहे.

मग फळ्यावर त्यांनी चौकोन आणि गोल काढायला सुरुवात केली. चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा. ज्याला आजार झाला त्याची खूण काळी करायची, जो वारला त्याच्यावर तिरपी रेघ. कागदावर प्रत्येक घराने आपापले काढायचे. मोठ्या घराण्यांकडे वंशावळी असतात, भाट येऊन वाचून दाखवतात. आपल्या लोकांची वंशावळ कोण लिहून ठेवणार? आजोबाच्या नावापाशी आपली ओळ संपते. आमच्या आजीचे नाव दादाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. पालीला एका म्हाताऱ्या चुलतीला फोन लावला. ती म्हणाली, "यमुना." त्या गोलात आम्ही यमुना लिहिले आणि काळे केले. आमच्या घराण्याची पहिली लिहिलेली वंशावळ ही अशी, रुग्णालयाच्या कागदावर तयार झाली.

दुसरी अडचण कागदांची. मॅडमनी विचारले, आक्काच्या ऑपरेशनमध्ये नुसती पिशवी काढली की अंडाशयेही? कुणालाच माहीत नव्हते. २००३ चा कागद उचलीच्या हिशेबासारखाच कुठे गेला कोण जाणे. शेवटी सोनोग्राफीत कळले, दोन्ही अंडाशये जागेवर आहेत.

तेव्हा मॅडम क्षणभर थांबल्या. मग त्यांनी सगळ्यांसाठीच सांगितले. बीआरसीए-१ हे जनुक शरीराच्या पेशींमधली मोडतोड दुरुस्त करायचे काम करते. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी त्याचा माग काढला, आणि १९९४ साली ते नेमके हाती लागले. (माझ्या मनात आले, माय गेली तेच वर्ष.) ते बिघडलेले असले तर बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात साठ-सत्तर, आणि अंडाशयाचा किंवा त्याला जोडलेल्या नळ्यांचा शंभरात चाळिसाच्या आसपास. धोका अंडाशयाला आणि नळ्यांना. गर्भाशयाच्या पिशवीला नव्हे.

म्हणजे आक्काची जी पिशवी नेली तिच्यात धोका नव्हता, आणि ज्याच्यात धोका होता ते तसेच ठेवले. आक्काला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती रडली नाही. म्हणाली, "म्हंजी उगंच कापली का मला?" मॅडमनी "हो" म्हटले नाही, "नाही"ही म्हटले नाही. तिचा हात धरून बसल्या.

मग वारशाचे गणित. आक्काने तिच्या भाषेत ओळखले, "बेण्यातच रोग हाय म्हना." ऊस लावणाराला बेण्याचा रोग लगेच कळतो. रोगट बेणे लावले की सगळा फड रोगट. सगळ्यांचे चेहरे पडले. तेवढ्यात आमची वहिनी, जी कधी चारचौघांत तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "पर बेणं एका उसाचं असतं. लेकरू दोघांचं असतं." मॅडम खुर्चीवरून उठल्याच. म्हणाल्या, अगदी हेच मला सांगायचे होते! प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. बिघडलेली प्रत लेकराकडे जाईल की चांगली जाईल, हे दर लेकराच्या वेळी नाणे उडवल्यासारखे. निम्मी शक्यता. एकाला आली म्हणून दुसऱ्याला येईलच असे नाही, आणि एकाला नाही म्हणून दुसरा सुटला असेही नाही.

दादा इतका वेळ दाराजवळ बसला होता. बायकांचा रोग, आपला काय संबंध, हेच त्याचे म्हणणे. पुरुषाकडेही हे जनुक येते, त्याला स्वतःला प्रोस्टेटचा आणि क्वचित छातीचाही कॅन्सर होऊ शकतो, आणि स्वतः धडधाकट राहून तो ते मुलीला देऊ शकतो, हे ऐकल्यावर तो उसळला. "आधी जातीनं आमचं रक्त खराब म्हनलं. आता दवाखाना म्हनतोय का?"

खोलीत एकदम शांतता पसरली. वाचकहो, हे त्याचे बोलणे मला अजून विसरता येत नाही. 'रक्तातच आहे', 'वंशातच आहे' हे शब्द आपल्या कानांना नुसते वैद्यकीय वाटत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या हेच शब्द आपल्या अंगावर फेकले गेले. मॅडमनी त्याला गप्प केले नाही. म्हणाल्या, हा बिघाड सगळ्या जातींत, सगळ्या देशांत आहे. युरोपातून पसरलेल्या ज्यू समाजात चाळीस माणसांमागे एकाला बीआरसीएचा बिघाड असतो, आणि ते लोक तो उघड सांगतात, तपासून घेतात. अँजेलिना जोली या हॉलिवूडच्या नटीने २०१३ साली वर्तमानपत्रात लिहून जगाला सांगितले, की मला हा दोष आहे. मग त्यांनी कोकणातल्या कुटुंबाकडे पाहिले. त्या घरातले आजोबा म्हणाले, "आम्ही भिक्षुकी करणारे. आमच्याकडेही तेच निघालंय." दादा खाली बसला.

त्याच घरातल्या आजीबाईंनी विचारले, कुठल्या जन्मीचे पाप हे? मॅडमनी त्यांना समजावले. मला मात्र बाबासाहेब आठवले. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना तपासताना त्यांनी आनुवंशिकतेच्या शास्त्राचाच आधार घेतला आहे: मूल आपले गुण आईबापांकडून घेते, मागल्या जन्मीच्या हिशेबातून नव्हे. विहारात हा भाग वाचला होता. त्या दिवशी फळ्यावरच्या गोल-चौकोनांपुढे बसून तो पहिल्यांदा नीट कळला. पाप असते तर फेडता आले नसते. जनुक निदान तपासता तरी येते.

सगळ्यांना एकत्र बसवण्याचा उपयोग काय, असे पुष्कळांना वाटेल. डॉक्टरांचा वेळ वाचतो हे खरेच आहे. पण मला दुसरी गोष्ट मोठी वाटली. मॅडमनी आक्काला सांगितले होते, की उरलेली अंडाशये आणि नळ्या काढून टाकलेल्या बऱ्या. बीआरसीए-१ असलेल्या बाईने मुले झाल्यावर, साधारण ३५ ते ४० या वयात ते करून घ्यावे असा सल्ला असतो. आक्काचे वय त्याच्याही पुढे गेलेले. आता विचार करा. जिला एकदा 'कॅन्सर होईल, काढून टाक' म्हणून फसवले, तिला दुसऱ्यांदा कुणी 'कॅन्सर होईल, काढून टाक' म्हटले तर ती का ऐकेल? मीसुद्धा ऐकले नसते. वाक्य तेच, टेबल तसेच, पांढरा कोटही तसाच.

आक्काने डॉक्टरचे ऐकले नाहीच. तिने ऐकले मुंबईच्या त्या कुटुंबातल्या एका बाईचे. ती गिरणी कामगाराची मुलगी, आक्काएवढीच. जेवणाच्या सुट्टीत दोघी जिन्यात बसल्या होत्या. तिने पदर बाजूला करून पोटावरची तीन बारीक छिद्रांची खूण दाखवली. किती दिवस दवाखान्यात राहिले, अंगातून गरम वाफा किती निघतात, रात्री झोप कशी मोडते, हाडांसाठी कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळे सांगितले. आणि म्हणाली, "मी आधी कागद मागितला. रक्ताचा रिपोर्ट हातात घेतला. त्याशिवाय मी टेबलावर चढले नाही." आक्काला तेवढे पुरले. फरक कागदाचा होता. २००३ साली कुणी तिला काही तपासून दाखवले नव्हते.

दुपारनंतर एकेकाला आत वेगळ्या खोलीत बोलावले. सगळ्यांपुढे जे विचारता येत नाही ते तिथे. रक्त देणे सक्तीचे नव्हते. मावसभावाने दिले नाही. मला माहीत करून घ्यायचे नाही, म्हणाला. मॅडमनी त्याला आग्रह केला नाही. माहीत करून न घेण्याचाही हक्क असतो, हे मला नवीन होते. दादाने रक्त दिले. का दिले ते त्याने सांगितले नाही, पण आत जाताना त्याने वहिनीकडे आणि मग त्याच्या लेकीकडे पाहिले होते.

जूनमध्ये निकाल आले. माझा साफ. दादाच्या रक्तात दोष.

आता लिहायला जड जाणारा भाग लिहिते. माझा मुलगा तेव्हा पंचविशीचा. दादाची लेक वीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. मामाची मुलगी आत्याच्या मुलाला, ही आपल्याकडची जुनी रीत. दोघे लहान असल्यापासून आमचे बोलून ठेवलेले होते. दादाचा निकाल ऐकला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार दादाचा आला नाही. आक्काचाही नाही. माझ्या मुलाचा आला. म्हटले, बरे झाले, अजून साखरपुडा झाला नाही. एवढे मनात आले आणि माझीच मला लाज वाटली. जिच्या मायला दूध गोठले म्हणून मरू दिले, ती बाई भावाच्या लेकीला रोगट बेणे समजायला लागली होती.

गावात कुजबुज झालीच. एक नातेवाईक म्हणाला, "एचआयव्हीसारखंच की हे." पालीला हे बोलणे विशेष शोभत नाही. एचआयव्ही झालेल्या मुलांना घरची माणसे जवळ करत नव्हती, तेव्हा दत्ता आणि संध्या बारगजे यांनी याच गावात 'इन्फंट इंडिया' उभे करून त्यांना सांभाळले. मी त्या नातेवाइकाला सांगितले, हा लागणीचा रोग नाही. आणि लागणीचा असता तरी पालीने माणूस टाकायचा नसतो.

दादाला वाटत होते, लेकीला सांगूच नये. लग्न होऊन जाऊ द्यावे. वहिनी ऐकेना. तीन रात्री त्यांच्या घरात यावरून भांडण चालले. चौथ्या दिवशी पोरीनेच विचारले. नर्सिंग शिकणाऱ्या पोरीपासून काय लपणार? तिने बापाच्या पिशवीतला कागद वाचला होता. मला फोन केला, "आत्या, तुमचा रिपोर्ट चांगला आला ना? बरं वाटलं." आधी माझी विचारपूस. मी काही बोलू शकले नाही. माझा रिपोर्ट साफ म्हणजे मला कॅन्सर होणारच नाही असे नव्हे, दहाजणींसारखा धोका मलाही आहे, असे काहीतरी पुटपुटले. ती हसली. "ते मला माहीत आहे, आत्या."

२०२४ च्या सुरुवातीला आक्काचे ऑपरेशन झाले, तीन बारीक छिद्रांचे. कागद आता तिच्या पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत, जातीच्या दाखल्याच्या वर. तिला आता पूर्वीसारखे ओझे उचलवत नाही, आणि ती फडावर जात नाही. गावातली कुणी बाई 'पिशवी काढायला सांगितली' म्हणून आली की ती आधी विचारते, "कागद दाखव." आजीची, मायची, मावशीची वये विचारते. पन्नाशीच्या आत छातीचा कॅन्सर, अंडाशयाचा कॅन्सर, एकाच बाजूच्या दोन-तीन माणसांना आजार, बापयाला छातीची गाठ, असे काही निघाले तर मोठ्या रुग्णालयात जा म्हणते. बाकीच्यांना सांगते, पांढरं जातंय त्याला गोळ्या असतात, बाई. छातीचा कॅन्सर झालेल्या शंभरजणींत वारशाने आलेल्या पाच-दहाच, हे ती मॅडमसारखेच म्हणते. फक्त 'टक्के' म्हणत नाही.

दादा दरवर्षी तपासणी करून घेतो. बोलत नाही त्याविषयी.

मागच्या दिवाळीत पालीला गेले होते. भाची सुट्टीवर आली होती. तिने जुन्या मंगल परिणयाच्या पत्रिकेची मागची कोरी बाजू घेऊन आमची वंशावळ पुन्हा काढली, या वेळी वहिनीच्या माहेराकडचीही. यमुना आजीच्या वर एक गोल काढून तिने विचारले, "आत्या, हिचं नाव?" मला ठाऊक नव्हते. फोनवर नाव सांगणारी चुलतीही आता नाही. तो गोल तसाच राहिला. स्वतःचा गोलही तिने कोरा ठेवला. रक्त कधी द्यायचे ते तिचे ती ठरवणार आहे. छातीची एमआरआय तपासणी पंचविशीपासून सुरू करतात, तोवर वेळ आहे, असे तिने मला समजावले. मॅडमनी आम्हाला समजावले होते तसेच, घाई न करता.

सोयरिकीचे काय झाले, असे पालीत अजून विचारतात. मी दादाला सांगून टाकले आहे, की माझ्याकडून शब्द मागे घेतलेला नाही. पुढचे त्या दोघांनी बघावे. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. रविवारी रात्री त्याचा फोन तासभर लागत नाही, तेव्हा तिचाही लागत नाही, एवढे मला माहीत आहे.